कॉइल आमची, मशीन तुमचं

मे महिना लागला की बेळगाव-खानापूर भागात पत्र्याचं काम करणाऱ्याला उसंत नसते. पाऊस लागायच्या आत प्रत्येकाला गोठा, गोदाम, पोल्ट्री, घरावरची शेड झाकून हवी असते आणि नेमका तेव्हाच पत्रा मिळत नाही. आमचा फॅब्रिकेशनचा धंदा बेळगावजवळ मच्छेत आहे. छपराचा भार पेलणाऱ्या लोखंडी कैच्या आणि त्यांच्यावरचे आडवे पर्लिन, ज्यांवर पत्रा बसतो, ते आम्ही करतो. रंगीत पत्रा मात्र इतकी वर्षं बाहेरून यायचा, कधी कोल्हापूरहून, कधी हुबळीहून. मापं पाठवायची, आगाऊ पैसे भरायचे आणि गाडी कधी निघते याची वाट बघायची. ऑर्डर लहान असली की माल दुसऱ्याच्या मालाबरोबर ट्रकमधून येणार, म्हणजे हौद्यात मावेल तेवढीच लांबी. त्याहून लांब हवा तर अख्खा ट्रेलर आपल्या पैशानं. चार गायींच्या गोठ्याला हे कोणाला परवडणार? मग एका उतारावर दोन पत्रे खालीवर जोडायचे, आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात तो आडवा जोडच सगळ्यात आधी गळायचा. बोलणी मात्र आम्ही खायची.

आढ्यापासून पागोळीपर्यंत एकसंध पत्रा द्यायचा असेल तर पत्र्याला पन्हळ्या पाडणारं रोल फॉर्मिंग मशीन आपल्याच शेडमध्ये हवं, हे घरात पुष्कळ दिवस घोळत होतं. मामंजींचा पूर्वी खानापुरात कौलांचा धंदा होता. त्यांचं एकच म्हणणं, "दरवर्षी मे महिन्यात दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं ओ?" शेवटी ह्यांनी आणि भाऊजींनी मनावर घेतलं आणि मशीन शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, लग्नाआधी उद्यमबागेत हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या कारखान्यात काम केलंय. हे काम मला हवंच होतं.

मशीनचा प्रकार सांगायला सोपा आहे. एका टोकाला गुंडाळी सोडवणाऱ्या डीकॉइलरवर चपट्या पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, मध्ये रोलरच्या जोड्यांची रांग, शेवटी हायड्रॉलिक कटर. प्रत्येक जोडी, म्हणजे प्रत्येक स्टँड, पत्र्याला थोडं थोडं वळवत नेते. पन्हळ्या सगळ्या एकदम पाडत नाहीत. आधी मधली, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या, असं बाहेर सरकत जातात, म्हणजे पत्रा कडेकडून आत ओढला जातो आणि ताणून फाटत नाही. हे वळवणं जितकं सावकाश, तितका पत्रा सरळ. घाई केली की कडेचा भाग मधल्यापेक्षा जास्त ताणला जातो, लांब होतो आणि पत्रा बाहेर पडला की कडेला लाटा दिसतात.

कोटेशनं मागवायला सुरुवात केली आणि पहिल्या फोनपासूनच प्रत्येक जण विचारायचा, "मॅडम, कितने स्टँड का चाहिए?" हा प्रश्न माझ्या मते फार पुढचा आहे. पहिला प्रश्न, पत्रा कुठला आणि तो बसणार कुठं. आमचं गिऱ्हाईक दोन टोकांचं. पश्चिमेला खानापूर, चंदगडची बाजू, तिथं धो धो पाऊस. पूर्वेला गोकाक, अथणीकडं ऊन असं की दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. निपाणीची तंबाखूची गोदामं, साखर कारखान्यांच्या आसपासच्या शेड, कोंबड्यांच्या शेडमधला अमोनिया हे वेगळंच. ह्या सगळ्यांना आम्ही मुख्यतः ॲल्युमिनियम-झिंकचा लेप असलेला रंगीत पत्रा घालतो. लेपात 55 टक्के ॲल्युमिनियम असतं, आणि चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 150 ग्रॅम लेप असला की तो टिकतो. जाडी 0.45 किंवा 0.50 मिमी. ही जाडी लेप आणि रंग धरून असते बरं का, 0.50 च्या पत्र्यात नुसतं पोलाद 0.43 ते 0.45 च्या आसपासच भरतं. आणि हे पोलाद बहुतेक 550 मेगापास्कल ताकदीचं, म्हणजे चांगलंच कडक. कडक पत्रा वळवला की सोडल्यावर परत उलगडायला बघतो. साध्या मऊ जीआय, म्हणजे नुसत्या जस्ताचा लेप असलेल्या पत्र्यावर चालणारं मशीन ह्या पत्र्यावर चालेलच असं नाही. खरी मेख इथंच आहे.

दुसरी गोष्ट पन्हळीची. 1220 मिमी रुंदीच्या कॉइलमधून 28-30 मिमी उंचीच्या पन्हळ्या काढल्या तर छपरावर साधारण 1000 ते 1020 मिमी रुंदी झाकली जाते. एका विक्रेत्यानं आग्रह धरला की आमचं मशीन घ्या, 1100 मिमी झाकतं, तेवढ्याच कॉइलमध्ये दहा टक्के जास्त छप्पर. हिशेब बरोबर आहे, पण ती जास्तीची रुंदी येते कुठून? पन्हळीची उंची कमी करूनच. उंची कमी झाली की पत्रा लवचिक होतो, पर्लिन जवळ जवळ लावावे लागतात, आणि वाचलेला पैसा लोखंडात जातो. शिवाय आमच्याकडं पावसाळ्यात पन्हळीतून पाणी ओढ्यासारखं वाहतं. खोल पन्हळ हवीच. आम्ही 30 मिमीवर ठाम राहिलो.

आणि बाजूचा जोड. दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवले की एकाची शेवटची पन्हळ दुसऱ्याच्या पहिल्या पन्हळीवर बसते. दोन पृष्ठभाग चिकटून असले की पाणी त्या फटीतून वर चढतं, उताराची दिशा काहीही असो. म्हणून खालच्या पत्र्याच्या पन्हळीत एक बारीक खाच द्यावी लागते, तिथं पाण्याचं चढणं तुटतं. खालच्या पत्र्याला पन्हळीनंतर छोटा सपाट पायही हवा, म्हणजे वरून स्क्रू मारताना तो दबत नाही. अथणीच्या गिऱ्हाइकाला ह्यातलं काही लागणार नाही, पण कणकुंबीच्या माणसाला ह्याच खाचेवर चार महिने काढायचे असतात. मी प्रत्येक विक्रेत्याकडं पन्हळीचं ड्रॉइंग मागितलं आणि ही खाच आहे की नाही एवढंच आधी बघितलं. ज्यांच्याकडं नव्हती त्यांची कोटेशनं बाजूला ठेवली, किंमत न बघता.

मग डबल डेकचा विषय निघाला. एकाच सांगाड्यात वर एक पन्हळ, खाली दुसरी. वर छपराचा पत्रा, खाली भिंतीचं पॅनेल किंवा कौलासारखं डिझाइन. भाऊजींना ते फार आवडलं होतं. "वहिनी, एका पैशात दोन मशीनं की ओ." होनगा, काकतीकडच्या कारखान्यांना दहा फूट विटांची भिंत आणि वर पत्रा असतो, तिथं कमी उंचीची, जवळ जवळ पन्हळ दिसायला बरी दिसते, हे खरं. पण भिंतीवरून पाणी सरळ खाली जातं. छपराचा पत्रा भिंतीला लावला तर काही बिघडत नाही, उलट छपराला भिंतीचा पत्रा लावला तर बिघडतं. आणि डबल डेकमध्ये खालच्या रोलरपर्यंत हात पोचवायचा म्हणजे माणसाला आडवं व्हावं लागतं. दोन्ही थरांच्या मध्ये जागा हवी म्हणून सगळ्याच गोष्टी आटोपशीर केलेल्या, रोलर ज्यांवर बसतात ते शाफ्टसुद्धा. एकाच पन्हळीचं पण भक्कम मशीन, हा माझा निर्णय मी ह्यांच्यासमोर कागदावर मांडला. भाऊजी दोन दिवस गप्प होते, मग स्वतःच म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. आधी छप्पर."

स्टँडिंग सीम, म्हणजे स्क्रू न दिसणारा, क्लिपवर बसवून कडा दुमडायचा पत्रा, त्याचाही विचार केला. फार कमी उताराच्या मोठ्या छपरांना तो उत्तम. आमच्याकडं उतार मुळात भरपूर घेतात, कौलांची सवय आहे. त्या मशीनचा खर्च आम्हाला निघाला नसता.

चीनहून मशीन मागवायचा पर्याय स्वस्त वाटत होता. फोटो आणि व्हिडिओ सुरेख. पण तिथली मशीनं बहुधा 380 व्होल्टवर बांधलेली, आपल्याकडं 415. ते आधीच लिहून घ्यावं लागतं. न्हावाशेव्याला माल उतरवणं, कस्टम, मग एखादा सील किंवा पत्र्याची लांबी मोजणारा एन्कोडर गेला तर किती दिवस थांबायचं? मे महिन्यात मशीन आठवडाभर बंद म्हणजे वर्षाची कमाई गेली. म्हणून शोध अहमदाबादकडच्या कारखान्यांवर येऊन थांबला.

जायच्या आधी मी एक गोष्ट ठरवली होती: ट्रायल त्यांच्या कॉइलवर बघायची नाही. आम्ही व्यापाऱ्याकडून टनभर वजनाची उरलेली कॉइल घेतली, 0.50 मिमी, 550 ची, टेस्ट सर्टिफिकेटसकट, आणि ती ट्रान्सपोर्टनं अहमदाबादला पाठवली. खर्च झाला. पण माझ्या मते ह्या सगळ्या व्यवहारात ह्याहून चांगला खर्च झाला नाही. बरोबर उद्यमबागेतले एक ग्राइंडिंगवाले काका आले. आमच्या कैच्यांच्या पिना त्यांच्याकडंच होतात, आयुष्य गेलंय त्यांचं शाफ्ट आणि बेअरिंगात. डायल गेज आणि फीलर गेजचा संच त्यांनी स्वतःच्या पिशवीतून आणला.

पहिल्या कारखान्यात मशीन नवं कोरं, निळा रंग चकचकीत, वीस स्टँड. आधी त्यांनी त्यांची कॉइल लावली होती. पत्रा झकास निघत होता. काकांनी त्या कॉइलचं टोक मायक्रोमीटरमध्ये धरलं, 0.40 आणि मऊ. "मशीन चांगलं हाय, पण हे आमच्या कामाचं नव्हं. कॉइल आमची लावा की." मालक नाखूश होता, तरी लावली. आमचा पत्रा बाहेर आला तो कडेला बारीक लाटा घेऊन. वरकरणी चांगलाच दिसत होता. मी दहा पत्रे कापून घेतले, जमिनीवर एकमेकांत बसवून ओळीनं मांडले आणि पहिल्या पन्हळीपासून शेवटच्या पन्हळीपर्यंत टेप लावला. दर पत्र्यामागं चार मिमी रुंदी वाढली होती. पन्हळ्या पूर्ण वळल्याच नव्हत्या, परत उलगडल्या होत्या.

चार मिमी ऐकायला काही नाही. पण चाळीस मीटर लांबीच्या गोदामाला चाळीस पत्रे लागतात; शेवटी 160 मिमी फरक. पर्लिनवर मारलेल्या खुणा चुकतात, शेवटचा पत्रा कापावा लागतो, कड झाकणारी पत्र्याची पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, बसत नाही. वर चढलेल्या पोरांना उन्हात हे निस्तरावं लागतं, आणि घाईत ते पत्रा ओढून बसवतात, मग बाजूचा जोड उघडा राहतो. गळतीचं मूळ तिथं असतं.

काकांनी तेवढ्यात मशीनखाली वाकून शाफ्ट बघितला. 60 मिमी. "एवढी रुंदी, एवढा बारीक शाफ्ट, मध्ये वाकणारच की ओ." त्यांनी फीलर गेजनं वरच्या आणि खालच्या रोलरमधली फट दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजली. रिकाम्या मशीनमध्ये सगळीकडं सारखी. मग पत्रा आत असताना वरच्या शाफ्टच्या मध्यावर डायल टेकवला आणि मशीन सावकाश चालवायला सांगितलं. काटा सरकला. मधल्या पन्हळ्या का उलगडत होत्या ते तिथंच कळलं. शाफ्टचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 60 च्या जागी 75 घेतला तर तो जवळजवळ अडीचपट होतो. वीस स्टँडचा आकडा ह्याच्यापुढं काहीच नाही.

दुसऱ्या कारखान्यातलं मशीन दिसायला साधं. अठरा स्टँड, शाफ्ट 75 मिमीचा भरीव, रोलर भरीव पोलादाचे, वर हार्ड क्रोम. मी मशीनचं वजन विचारलं. पहिल्यापेक्षा ते बरंच जास्त निघालं. हा प्रश्न कोटेशन मागतानाच विचारावा असं मी सगळ्यांना सांगते. आतून पोकळ रोलर, पातळ प्लेटचा सांगाडा वजनात लपत नाहीत. आमची कॉइल लावली, दहा पत्रे मांडले, टेप लावला. दहा पत्र्यांत मिळून दोन मिमीचा फरक. मग लांबी: सहा मीटरचे पत्रे कापायला लावले आणि एकेक मोजला. एन्कोडरचं चाक पत्र्यावर घट्ट दाबून फिरत होतं, घसरत नव्हतं, फरक मिलिमीटरभर. पत्र्याचे दोन्ही कर्ण मोजले, म्हणजे कट काटकोनात आहे की नाही ते समजतं. टोकाला पन्हळ फाकते का तेही बघितलं. आतला ताण कापल्यावर मोकळा होतो, त्यामुळं थोडी फाकते, पण इथं हाताला जाणवत नव्हती.

एक गोष्ट मी सगळ्यात शेवटी आणि निवांत बघितली. पत्र्यावरचा रंग प्रायमर धरून जेमतेम 25 मायक्रॉनचा असतो. वळणावर तो ताणला जातो. खिशातलं भिंग काढून मी पन्हळीच्या कोपऱ्यावर उजेडात बघत गेले, काठापासून काठापर्यंत. बारीक भेगा असतील तर कोपऱ्यावर पांढरट रेघ दिसते; तिथूनच काही वर्षांनी गंज धरतो. एका बाहेरच्या पन्हळीवर रेघ सापडली. कारखान्याच्या फिटरनं त्या स्टँडची फट थोडी वाढवली, पुन्हा पत्रा काढला, रेघ गेली. तो फिटर शांतपणे, न कुरकुरता काम करत होता. मशीन त्यांच्याकडूनच घ्यायचं, हे माझ्या मनात तिथं पक्कं झालं.

दोन्ही कोटेशनांत सव्वातीन लाखांचा फरक होता आणि महाग आम्ही निवडलेलं. मामंजींना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कणकुंबीत चालंल?" चालेल म्हटलं. "मग घ्या."

करारात मी काही गोष्टी लिहून घेतल्या. पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या प्रोग्रॅमचा बॅकअप आणि पासवर्ड आम्हाला मिळाला पाहिजे. तो विक्रेत्याकडं अडकला की एखादी सेटिंग बदलायलाही त्यांचा माणूस यायची वाट बघावी लागते. बेअरिंग बाजारात मिळणाऱ्या मापाचे, नंबर यादीत. हायड्रॉलिक सिलिंडरच्या सीलची मापं. बेळगावचं एक सुख आहे: उद्यमबागेत गिअर कापणारे, ग्राइंडिंगवाले, हार्ड क्रोमवाले, पॉवर पॅकवाले हाकेच्या अंतरावर आहेत. मशीनचे भाग नेहमीच्या मापाचे असले तर दुरुस्तीला अहमदाबादची गरज लागत नाही. कटरच्या ब्लेडचा दुसरा संच मशीनबरोबरच घेतला. आणि दहा टक्के रक्कम आमच्या शेडमध्ये, आमच्या कॉइलवर तीच दहा पत्र्यांची चाचणी झाल्यावर.

कटर आणि चेनला जाळीचं कव्हर आणि दोन्ही टोकांना इमर्जन्सी बटण, हे मी मूळ किमतीतच धरायला लावलं. ह्या धंद्यात बोटं गमावलेले कामगार मी पाहिलेत. आमच्याकडं कॉइलची पट्टी कापताना समोर कोणी उभं राहायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. ती पट्टी सुटली की चाबकासारखी येते.

इकडं हेस्कॉम ह्या वीज कंपनीकडं वाढीव लोडचा अर्ज, कन्नडमध्ये, मीच भरला. शाळेत शिकलेलं कन्नड इथं रोजच कामाला येतं. मुख्य मोटर आणि पॉवर पॅक मिळून लोड फार नाही, पण वीज अधूनमधून जाते, म्हणून पीएलसीला छोटा यूपीएस. जागेचं मात्र आधी नीट मोजून घ्यावं. डीकॉइलर, मशीन आणि पुढचं टेबल मिळून आम्हाला शंभर फूट लागले, आणि शेवटच्या भिंतीला मोठं दार पाडलं, म्हणजे चाळीस फुटी पत्रा सरळ बाहेर ट्रॅक्टरच्या लांब ट्रॉलीवर जातो. चार-पाच टनांची कॉइल उतरवायला हायड्रा क्रेन आत यायला हवी, दाराची उंची त्या हिशेबानं.

आढ्याची टोपी, पन्हाळी गटर, कडेचं फ्लॅशिंग हे सगळं त्याच रंगाच्या पत्र्याचं लागतं. त्यासाठी आम्ही वेगळं बेंडिंग मशीन घेतलं. पत्रा आपला आणि टोपी दुसऱ्याच्या कॉइलची असली की दोन पावसाळ्यांत रंगांत फरक दिसायला लागतो, गिऱ्हाईक लगेच बोट ठेवतं.

मशीन आलं, लेव्हल बघून पायाखाली सिमेंट भरलं, म्हणजे ग्राउटिंग केलं, आणि ते सुकेपर्यंत हात लावू दिला नाही. वाहतुकीत दोन स्टँड थोडे हलले होते; अहमदाबादचा तोच फिटर आला, काका होतेच. दोरी ताणून रोलर एका रेषेत आणले, एकेक फट पुन्हा मोजली. दहा पत्रे मांडले, टेप लावला, उरलेले पैसे दिले. ऑपरेटर आमचाच वेल्डर, वडगावचा. पीएलसीच्या पडद्यावर सगळं इंग्रजीत, म्हणून मी बाजूला मराठीत आणि कन्नडमध्ये चिठ्ठ्या चिकटवल्यात: लांबी, नग, थांबा, कट.

आता होनग्याकडून भिंतीच्या पॅनेलची विचारणा वाढतेय. तेवढा माल आम्ही अजून बाहेरून आणतो. महिन्याला दोन कॉइल भिंतीच्या पॅनेलला लागायला लागल्या की दुसरं, लहान मशीन घ्यायचं असं ठरलंय, आणि त्यासाठी डाव्या हाताची जागा मोकळी सोडली आहे, एकाच डीकॉइलरनं दोन्ही मशीनांना कॉइल देता येईल अशी.